चौथ्या चमच्यावरचे खड्डे

पार्श्वभूमी

हे प्रकरण प्लास्टिकच्या एका मॉडेल विमानाचं, त्यावर पुन्हा पुन्हा बिघडणाऱ्या रंगाचं आणि ते रंगवणाऱ्या हातांचं. यातल्या गृहस्थांना आमच्या रविवारच्या गटात सगळे नुसतं ‘काका’ म्हणतात, म्हणून इथंही तेच. ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदललेत. वय पंचाहत्तर, मुक्काम नाशिक. १९७०च्या आसपास ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये, फिटर म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच होते. ओझरचा कारखाना १९६४ साली मिग-२१ साठीच उभा राहिला. काका लागले तेव्हा तिथून एफएल प्रकारची विमानं बाहेर पडत होती, हवाई दलाच्या बोलीत ‘टाइप ७७’.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी कुणीतरी त्यांच्या नातीला वाढदिवसाला प्लास्टिकचं विमान जोडायचं किट दिलं. नातीनं एक पंख चिकटवला आणि खेळायला पळाली. उरलेलं काकांनी केलं, आणि तिथून हा नाद लागला. नऊ मॉडेलं झाली. सगळी ब्रशनं रंगवलेली, सगळी हिरव्या-तपकिरी कॅमोफ्लाजची. कॅमोफ्लाजचा फायदा असा की त्यात बरंच काही खपतं. केस अडकलेला असो, ठसा उमटलेला असो, वर मॅट वार्निशचा एक हात मारला की गेलं.

एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी दहावं किट उघडलं: १:४८ मापाचं मिग-२१, आणि तेही नागव्या धातूच्या रूपात, जसं काकांनी तरुणपणी कारखान्यातल्या शॉपमध्ये पाहिलं होतं तसं. पंखांचा पसारा मूळ विमानात ७.१५ मीटर, इथं १५ सेंटीमीटरला जरा कमी. पुतण्यानं जुना कॉम्प्रेसर आणि एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारायचं पेनासारखं साधन, आणून दिला. एअरब्रश हातात धरायची काकांची ही पहिलीच वेळ.

धातूचा रंग हे प्रकरण मुळात अवघड. चकाकी हवी असेल तर खाली आरशासारखा काळा चकचकीत थर लागतो आणि त्यावर ॲल्युमिनियमचे अगदी पातळ फवारे. वरचा थर इतका पातळ की खालचं काहीच लपत नाही. काळ्यावर उमटलेला अंगठा चंदेरीतून चक्क वाचता येतो. कॅमोफ्लाजची नऊ विमानं करून तयार झालेल्या हातांना ही शिस्त नवीन होती.

काकांच्या हातांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तरुणपणी घरी स्कूटर उघडली की हात रॉकेलनं धुवायचे आणि वरून कपडे धुण्याची पावडर चोळायची, ही त्यांची जन्माची सवय. रॉकेल आता सहज मिळत नाही. मग त्याच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर, रंग पातळ करायचा द्रावक, आला. एअरब्रश धुवायला एक लिटरचा डबा आणलेला होताच. बोटाला रंग लागला की चिंधी थिनरमध्ये बुडवायची आणि पुसायचं. दिवसातून आठ-दहा वेळा.

अडचण

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो ते एप्रिलअखेर, विमानाचे दोन अर्धे जोडायच्या आधी. नाकाखाली चाक असलेल्या मॉडेलच्या नाकात वजन भरावं लागतं, नाहीतर ते शेपटीवर बसतं. काकांनी त्यासाठी गळाला लावायचं शिसं आणलं होतं. विळखा कापून, हातोडीनं ठोकून, बोटांनी दाबून ते नाकाच्या शंकूत बसवत होते. शेजारी वाटीत चिवडा. एक तुकडा शिसं, एक घास चिवडा.

हे मात्र मी तिथल्या तिथं थांबवलं. शिसं बोटावरून तोंडात जातं हाच त्याचा मुख्य धोका, आणि सॅनिटायझरनं ते जात नाही. साबण-पाण्यानंच हात धुवावे लागतात. काकू दारातून म्हणाल्या, “मी रोज सांगते. माझं ऐकतील तर शपथ!” काकांनी हात धुतले आणि शिसं गेलं. सायकलच्या दुकानातून बेअरिंगचे जुने छर्रे आणले, ते नाकात व्यवस्थित मावले. मला वाटलं, हातांचा विषय संपला. समोर दिसला तेवढाच धोका मी पाहिला. टेबलाखालचा थिनरचा डबा आणि त्यावरची ओली चिंधी मला दिसूनही दिसली नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात फोन आला. काळा थर बिघडला होता. जाऊन पाहिलं तर विमानाच्या पाठीवर उजवीकडे दहा-बारा बारीक गोल खड्डे. तेलकट ताटात पाणी ओतलं की ते जसं जागोजागी आक्रसतं आणि मध्ये कोरडी टिकली राहते, हुबेहूब तसे. हौशी लोक याला फिशआय म्हणतात. शिवाय डाव्या पंखाच्या मुळाशी एक अंगठा, रेघा न् रेघा मोजता येईल इतका स्वच्छ.

काकांनी वॉटर पेपरनं घासून पुन्हा फवारलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसरा थर बिघडला, पहिल्यापेक्षा जास्त. आणि या वेळी मी त्यांचे हात पाहिले. अंगठा आणि तर्जनी लाल, कातडी कागदासारखी कोरडी, उजव्या अंगठ्याच्या पेरावर आडवी चीर. लिंबू पिळताना झोंबतं म्हणून काकूंनी त्यांना स्वयंपाकघरातून हद्दपार केलं होतं.

त्वचेच्या डॉक्टरांनी पाहिल्या पाहिल्या विचारलं, “केमिकलचं काम करता का?” निदान साधं होतं: द्रावकांमुळे झालेला दाह. कातडीच्या वरच्या थरात जी थोडीफार चरबी असते तीच पाणी धरून ठेवते. थिनर ती रंगासारखीच विरघळवून नेतो. पंचाहत्तरीत ती आधीच कमी असते. डॉक्टरांनी थिनर बंद करायला सांगितलं, काही दिवसांचं मलम दिलं, आणि दिवसातून अनेकदा लावायला एक घट्ट, बिनवासाचं क्रीम. काकांनी क्रीम प्रामाणिकपणे लावलं. दर दोन तासांनी. टेबलावर, किटच्या शेजारी ट्यूब ठेवून.

आता वाचणाऱ्याला दिसत असेल गाडी कुठं चालली आहे. आम्हाला दिसत नव्हतं.

पहिला तर्क, आणि तो चुकला

मी सांगितलं की कॉम्प्रेसरचा दोष आहे. जुना कॉम्प्रेसर, टाकीत पाणी साचत असणार, तेल हवेबरोबर येत असणार, फिशआय तेलानंच होतात. तर्क वाईट नव्हता. असं खरंच होतं. पण तपासायचा साधा मार्ग मी सुचवला नाही: नुसती हवा पाच मिनिटं पांढऱ्या टिश्यू कागदावर सोडायची आणि डाग पडतो का बघायचं. त्याऐवजी काकांना नवा फिल्टर घ्यायला लावला. साडेसातशे रुपये आणि कुरिअरचे नऊ दिवस. थर पुन्हा बिघडला.

मग संशय रंगावर गेला, मग थिनरवर. थिनरवरचा संशय अगदीच निराधार नव्हता. हार्डवेअरच्या थिनरमध्ये टोल्युइन, अॅसिटेटं, अल्कोहोलं यांचं मिश्रण असतं आणि प्रमाण डब्यागणिक बदलू शकतं. काका त्याचेच चार थेंब ॲक्रिलिक काळ्यात मिसळत होते. बरेच जण मिसळतात, चालतंही. मग आणखी कुणी म्हणालं, साच्यातून सुटायला प्लास्टिकला जो चिकट पदार्थ लावतात तो धुतला नसेल. काका दुखावले. “अरे, भांड्याच्या साबणानं कोमट पाण्यात धुतलंय सगळं. तीस वर्षं विमानाचं काम केलंय मी.” पण सुकवायला टाकलेले भाग कुठल्या हातांनी उचलले, हे त्यांनाही आठवलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

दोष शोधताना माणूस महागड्या वस्तूपासून सुरुवात का करतो कोण जाणे. कॉम्प्रेसर, एअरब्रश, रंग, असं करत करत आम्ही हातांपाशी आलो तेव्हा जून संपत आला होता आणि बाहेर धो-धो पाऊस.

चमचे

युक्ती काकांच्या नातीची. नववीत आहे आणि शाळेत प्रयोगाची वही नुकतीच लिहिली होती. “आजोबा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते.” तिनं प्लास्टिकचे चार चमचे घेतले, भांड्याच्या साबणानं धुतले, चिमट्यानं धरून सुकवले आणि दांड्यांवर मागून आकडे टाकले.

पहिला चमचा कुणीही शिवला नाही. दुसरा काकांनी साबणानं हात धुऊन, कोरडे करून लगेच अंगठ्यानं दाबला. तिसरा हात धुऊन, मग नेहमीसारखं पाच मिनिटं बसून. चौथा क्रीम लावून दहा मिनिटांनी, “आता कातडीत मुरलंय” असं काकांनी सांगितल्यावर.

चारही चमचे एकाच फवाऱ्यात काळे केले. पहिला आरसा. दुसराही आरसाच, तिरपा धरून पाहिला तर अगदी पुसट अंगठा. तिसऱ्यावर ठसा ठळक, कडेला दोन-तीन खड्डे. चौथ्यावर रंग अंगठ्याच्या आकारात चक्क मागं सरला होता. मधोमध पांढरं प्लास्टिक उघडं.

चौथ्याचं कारण उघड होतं. अशा क्रीममध्ये पेट्रोलियम जेली असते, अनेकांत सिलिकोनही, आणि सिलिकोन तर रंगाचा उभा वैरी. डोळ्याला दिसणार नाही इतकं राहिलं तरी फिशआय. पण मला जास्त कोडं तिसऱ्याचं पडलं. धुतलेल्या हातावर पाच मिनिटांत एवढं तेल आलं कुठून? तळहाताला आणि बोटांच्या पेरांना तेलाच्या ग्रंथी नसतातच, तिथं फक्त घाम येतो.

नातीनं पुन्हा वही उघडली. आजोबांना काही न सांगता अर्धा तास त्यांच्यासमोर अभ्यासाचं नाटक करत बसली आणि रेघा ओढल्या. चष्मा वर सरकवला, अकरा वेळा. कपाळाचा घाम, नऊ वेळा. नाक, चार. केसांतून हात, सहा. काका रोज सकाळी आंघोळीनंतर टाळूवर खोबरेल तेल थापतात, साठ वर्षं थापत आलेत. अर्ध्या तासात तीस वेळा ते बोटं तेलात बुडवत होते आणि दर वेळी त्याच बोटांनी विमान उचलत होते. घामालाही कारण होतं: फवारताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर धूळ ओल्या रंगावर बसते.

एवढं झाल्यावर साखळी जुळली. थिनरनं हात साफ करायचे, त्यानं कातडी फाटायची, फाटली म्हणून क्रीम, क्रीमनं रंग बिघडायचा, बिघडलेला रंग उतरवायचा म्हणून पुन्हा थिनर. एप्रिलपासून काका हात अस्वच्छ ठेवत होते असं नाहीच. उलट घरात सगळ्यात जास्त वेळा हात साफ करणारा माणूस तेच होते.

समोर असलेले पर्याय

हातमोजे हे पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडी येतं. आम्हीही नायट्राइलचे निळे मोजे आणले. जुलैच्या दमटपणात वीस मिनिटांत आत पाणी. चिरेला ते आणखी वाईट. बारीक भाग धरताना बोटांना काही कळेना. फेविक्विकचा थेंब मोज्यावर पडला आणि पंखाचं टोक मोज्यासकट चिकटलं. थिनर उडाल्यावर अंगठ्याशी मोजा फुगला आणि सुरकुतला. हे पातळ मोजे अशा द्रावकांना काही मिनिटांपुरतेच अडवतात, मग आतल्या कातडीवर थिनर कोंडून धरतात. आणि मुख्य म्हणजे मोजा घातलेला हातही चष्म्याकडे जातोच. मोजे काकांचा हात वाचवू शकत होते, विमान नाही.

सुती पांढरे मोजे काकूंनी सुचवले, जुने फोटो हाताळताना घालतात तसले. तयार विमान उचलायला ते उत्तम. पण जोडणीच्या वेळी ते घालू नयेत यावर मी अडून बसलो. फेविक्विकसारखा सुपरग्लू कापसावर पडला की इतक्या वेगानं घट्ट होतो की चटका बसण्याइतका तापतो, कधी धूरही निघतो. हे फार जणांना माहीत नसतं.

क्रीम बंद करायचं, हा काकांचा स्वतःचा प्रस्ताव. “विमान होईस्तोवर सोसतो.” तेव्हा नुकतीच बातमी आली होती की मिग-२१ सप्टेंबरात हवाई दलातून कायमचं निवृत्त होणार. एफएल तर २०१३ सालीच गेलं होतं, पण उरलेली विमानंही जाणार म्हटल्यावर शॉपमधल्या जुन्या सोबत्यांनी त्या सुमारास जमायचं ठरवलं आणि काकांना तिथं हे मॉडेल न्यायचं होतं. घाई समजण्यासारखी होती. पण उघड्या चिरेतून द्रावक थेट आत जातो. डॉक्टरांनाही हे मान्य होणार नव्हतं, आणि काकूंना तर त्याहून नाही.

सॅनिटायझरचा विचार एकानं मांडला: अल्कोहोल आहे, तेल काढेल. तेल काढतंही. पण डब्ल्यूएचओच्या सूत्रातही १.४५ टक्के ग्लिसरॉल असतं, हात कोरडे पडू नयेत म्हणून मुद्दाम घातलेलं, आणि ते अल्कोहोल उडून गेल्यावर मागं राहतं. बाजारातल्या जेलमध्ये आणखी काय काय असतं ते वेगळंच. शिवाय ताज्या ॲक्रिलिकला ते विरघळवतं. नापास.

ब्रश आणि पाण्यात विरघळणारे रंग, हा मला आजही सगळ्यात शहाणा वाटणारा पर्याय. थिनरचं कामच उरत नाही. पण ब्रशनं धातूची ती चकाकी येत नाही, आणि काकांना ‘कॅमोफ्लाज कर’ म्हणणं म्हणजे मूळ इच्छाच काढून घेणं होतं. तो आम्ही ठेवून दिला.

राहिला शेवटचा: विमानाला हातच लावायचा नाही. मिग-२१ ही मुळात दोन्हीकडून उघडी नळी. पुढं हवेचं तोंड, मागं धुराड्याचं. मागच्या तोंडात काडी घट्ट बसवली तर कणसासारखं धरता येतं.

काय केलं

आधीचे बिघडलेले थर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं उतरवले, मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते. ॲक्रिलिक त्यानं निघतं आणि प्लास्टिकला इजा होत नाही. हे काम मी केलं, खिडकीशी बसून, जाड मोजे घालून. काकांना लांब बसवलं. ते तिथून सूचना देत होते.

धुराड्यात बसवायला काकूंनी एक तुटका लाकडी उलथना दिला. त्याची दांडी तासून, वर मास्किंग टेपचे वेढे देऊन घट्ट बसेल इतकी जाड केली. रंगवून झालं की दांडी रांगोळीच्या डब्यात उभी खोचायची, वरून मोठा पातेला उपडा. त्या दिवसापासून काळा थर वाळेपर्यंत विमानाला कुणाचंही बोट लागलं नाही.

क्रीम बंद केलं नाही. त्याची वेळ हलवली. रंगकाम सकाळी सात ते नऊ. दिवसभराचं क्रीम सत्र संपल्यावर सुरू, आणि रात्रीचं सगळ्यात दाट, वर तेच सुती मोजे घालून झोपायचं. काकूंचे मोजे असे कामी आले. सकाळी उठून सौम्य साबणानं कोमट पाण्यात हात धुवायचे आणि वेगळ्या पंच्याला पुसायचे. हा पंचा वेगळा का, तर आधीचा नॅपकिन स्वयंपाकघरातला होता, ओट्याजवळ लटकणारा, फोडणीची वाफ खाऊन तेलकट झालेला. काका रोज हात धुऊन त्यालाच पुसत होते.

डोक्याला दुसरा पंचा बांधायचा, कपाळाच्या भुवईपर्यंत. घामही टिपला जातो आणि हात केसांकडे गेला तरी कापडावर आपटतो. चष्म्याला दोरी. पहिले तीन दिवस नात समोर बसून टेबलावर पेन्सिल वाजवायची, हात वर गेला की टक्. चौथ्या दिवशी काकांनीच तिला हाकललं, म्हणजे सवय लागली होती.

थिनरचा डबा टेबलावरून उचलून गॅलरीत गेला. एअरब्रश धुवायला लांब दांड्याचा ब्रश आणि जाड मोजे, शिंतोडा उडाला की मोजा बदल. बोटावर रंग लागलाच तर ओला असताना साबण-पाणी. वाळला तर दोन दिवस राहू द्यायचा. कातडी आपणहून टाकते. हे काकांना सगळ्यात जड गेलं. काळं बोट घेऊन बँकेत जायची त्यांना लाज वाटायची. फेविक्विक चिकटलं तर कोमट साबण-पाण्यात भिजवत बसायचं, ओढायचं नाही.

एक गोष्ट ठरवूनही जमली नाही. चिवड्याची वाटी टेबलावर परत आली. शिसं नव्हतं, म्हणून मी फार ताणलं नाही.

निष्पत्ती

चीर तीन आठवड्यांत मिटली. ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली तेव्हा काळा थर मारला, दोन दिवस पातेल्याखाली ठेवला, आणि पातेला उचलला तेव्हा पाठीवर खिडकीचे गज दिसले, सरळ, न वाकलेले. काका काही बोलले नाहीत. आत जाऊन काकूंना घेऊन आले.

ॲल्युमिनियमचे फवारे चार दिवसांत झाले. केशरी-पांढरी-हिरवी चक्रं चिमट्यानं आणि ओल्या ब्रशनं बसवली, बोट न लावता. सगळं निभावलं, आणि मग काचेपाशी गाडी अडली. एफएलची काच पुढच्या बाजूला उघडणारी, समोरची काच आणि छत एकसंध. ती काकांनी फेविकॉलनं बसवायची, असं ठरलं होतं, आणि त्यांनी ती तशीच बसवली. पण त्याआधी नीट बसते का ते बघायला ती हातात घेतली होती मी. मागच्या फटीत बारीक अंतर राहिलं म्हणून टाचणीच्या टोकानं फेविक्विक लावलं तेही मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या आतून एक अंगठा पांढरा होऊन बसला होता. सुपरग्लूची वाफ ठशातल्या घामा-तेलावर जमते आणि पांढरी होते. गुन्हे शाखेवाले ठसे उठवायला हीच वाफ वापरतात. मी आलो तेव्हा काकांनी भिंग माझ्या हातात दिलं. रेघांमधून एक आडवा व्रण गेलेला. माझ्या अंगठ्याला तो शाळेपासून आहे, पेन्सिल तासताना ब्लेड लागलं होतं तेव्हाचा.

“तू सकाळी काय खाल्लं होतंस?” काकांनी विचारलं.

“वडापाव.”

काच काढायची की ठेवायची यावर अर्धा तास गेला. फेविकॉल पाण्यानं सुटला असता, सुपरग्लू सुटला नसता. ओढताना काच तडकायची भीती. मेळावा चार दिवसांवर होता. काच तशीच ठेवली. २६ सप्टेंबरला चंदीगडला शेवटची मिग-२१ उतरली, आणि त्याच आठवड्यात काकांचं विमान नाशिकमधल्या एका हॉलमध्ये टेबलावर उभं होतं, नाक प्रेक्षकांकडे, ठशाची बाजू भिंतीकडे.

काय वेगळं करता आलं असतं

एप्रिलमध्ये शिसं पाहिलं तेव्हाच विचारायला हवं होतं: काका, हात कशानं धुता? हा एक प्रश्न आम्हाला दोन महिने आणि साडेसातशे रुपये वाचवून गेला असता. मी धोका ओळखून उपाय सांगितला आणि निघालो. सवय तपासली नाही.

चमच्यांचा प्रयोग जूनअखेर झाला. तो पहिल्या बिघाडाच्या दुसऱ्या दिवशी होऊ शकला असता, कारण चमचे घरातच होते. कॉम्प्रेसरवर माझा इतका विश्वास बसला होता, दोषी म्हणून, की बाकी काही तपासायची गरजच वाटली नाही.

डॉक्टरांना आम्ही अर्धीच गोष्ट सांगितली होती. केमिकलचं काम करता का, याला काकांनी “हो, थोडं रंगकाम” म्हटलं. रंगकामाच्या मधल्या वेळेत क्रीम लावणार आहे हे सांगितलं असतं, तर वेळापत्रक कदाचित तिथंच बसलं असतं.

आणि एअरब्रशबद्दल माझं मत अजून डळमळीत आहे. थिनर गॅलरीत गेला, संपला नाही. थंडीत उजव्या अंगठ्याची चीर एकदा पुन्हा उघडली. काका म्हणतात थंडीनं, काकू म्हणतात गॅलरीनं. मला काकूंचं पटतं.

काचेचं म्हणाल तर नियम आम्ही सगळे काकांसाठी केले होते. पंचा त्यांच्या डोक्याला, दोरी त्यांच्या चष्म्याला. मदतीला येणाऱ्यानं हात धुवावेत हे कागदावर कुठंच नव्हतं. आता बेसिनच्या वर नातीनं चिठ्ठी लावली आहे आणि त्यावर माझं नाव आहे.

सध्या टेबलावर नॅट आहे, मिगहून लहान लढाऊ विमान, १:७२, पाण्यातले रंग आणि ब्रश. लांबी जेमतेम १२ सेंटीमीटर. तिच्या शेपटीच्या भोकात उलथन्याची दांडी सोडा, उदबत्तीची काडीच काय ती जाते, आणि ती विमानाच्या वजनानं वाकते. पंखाखालच्या खाचेत तार खोचावी असं काकांचं म्हणणं. मी म्हणतो, पोटाला मेणाचा गोळा. मेण तेलकट असतं, असं नात म्हणाली आणि वही आणायला गेली.